भिंगबाईंची झोप

तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कारखान्यात आता कोणी उरलं नव्हतं. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात सव्वीस वर्षं ती एकच काम करत आली होती. आलेलं कापड कापायला जाण्याआधी तपासायचं. समोर एक उतरतं टेबल, टेबलाच्या काचेखाली दिवे, आणि वरच्या रुळावरून सरकत खाली येणारं कापड, ताग्यामागून तागा. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ, कुठे तेलाचा थेंब, कुठे विणीतली एक ओळ सुटलेली. सापडलं की पायाने यंत्र थांबवायचं, निळ्या खडूने गोल करायचा, काठाला लाल चिठ्ठी लावायची आणि पुढे जायचं. नवी माणसं हे काम डोळ्यांनी करतात. ती डावा हात कापडावर हलकेच ठेवून बसायची, आणि डोळ्यांना दिसायच्या आत बोटं थांबलेली असायची. म्हणून तिचं नाव पडलं भिंग. समोर भिंगबाई, पाठीमागे नुसतंच भिंग.

अशा बाईच्या अंगात गाठ झाली तर ती कोणाला सापडणार? तिलाच. एका सकाळी आंघोळ करताना डाव्या छातीच्या बाजूला बोटं थांबली. भिंगने नळ बंद केला, परत एकदा हात फिरवला, अंग पुसलं, कपडे घातले आणि कामावर न जाता सरळ दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली. म्हणाले, एवढी लहान गाठ आमच्याही हाताला पटकन लागली नसती. पुढचं सगळं यथासांग झालं. ऑपरेशन, सलाइनमधून औषधं, केस जाणं, किरणं, केस परत येणं. सव्वा वर्षाने डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही मोकळ्या. दर सहा महिन्यांनी या, बाकी विसरून जा." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगी परगावी आपल्या संसाराला परत गेली, नवरा आपल्या किल्ल्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागला, आणि भिंग परत टेबलापाशी आली.

विसरून जा म्हणे! ज्याचं जळतं त्याला कळतं. उपचार चालू होते तोवर ती रात्री गाढ झोपत होती. उपचार संपले आणि झोप गेली. इतके दिवस कोणीतरी तिच्यावर नजर ठेवून होतं. सुया होत्या, तपासण्या होत्या, तारखा होत्या. आता कोणीच बघत नाही म्हटल्यावर बघायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. दिवा मालवला की बोटं सुरू व्हायची. गळा, काखा, छाती, बरगड्या, पोट. एक बाजू झाली की दुसरी, दुसरी झाली की परत पहिली, कारण मघाशी नीट बघितलं की नाही याची खात्री कुठे होती? कापडाचा तागा निदान कुठेतरी संपतो. हा संपतच नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि तिच्या मनाला रात्रीचे आठ तास मोकळे मिळाले होते.

शेजारी नवरा. हा माणूस उशीला डोकं टेकलं की कुंभकर्ण. तरी ती त्याला हलवायची.

"अहो, इथे हात लावून बघा ना."

तो झोपेतच हात लावायचा. "काही नाहीये गं."

"नीट बघा की."

मग तो उठून बसायचा, दिवा लावायचा, चष्मा चढवायचा, दाबून बघायचा आणि म्हणायचा, "खरंच काही नाही." तिला हायसं वाटायचं. दहा मिनिटं. मग वाटायचं, किल्ल्या घासणाऱ्याची बोटं ती, घट्टे पडलेली, त्यांना काय कळणार? एकदा तर तिने कारखान्यातला निळा खडू घरी आणला, संशयाच्या तीन जागांवर गोल केले, आणि सकाळी ते गोल घेऊन डॉक्टरांपुढे बसली. डॉक्टरांनी तिन्ही बघितले. एक बरगडीचं टोक होतं, एक टाक्यांचा वण होता आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच नव्हतं. डॉक्टर हसले नाहीत हे त्यांचे उपकार.

असं दीड वर्ष गेलं. नवऱ्याचे डोळे खोल गेले. एका गिऱ्हाइकाला त्याने दुसऱ्याच कुलपाची किल्ली दिली आणि तो माणूस रात्री स्वतःच्या दाराबाहेर बसून राहिला. पण भिंगला जाग आली ती दुसऱ्याच गोष्टीने. एक दिवस कापणी विभागातला मुकादम एक तुकडा घेऊन तिच्या टेबलापाशी आला. सबंध ताग्यात एक ओळ सुटलेली होती, वीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा, आणि काठाला एकही लाल चिठ्ठी नव्हती. ऐंशी सदरे कापून झाले होते. मुकादम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "भिंगबाई, तब्येत बरी नाही का?" ती संडासात जाऊन रडली. अंगावर नसलेले दोष सापडत होते आणि कापडावर असलेले निसटत होते. हे असंच चाललं तर टेबल जाणार, आणि टेबल गेलं की दिवसाही करायला एकच काम उरणार, हे तिला स्पष्ट दिसलं. झोप यायलाच हवी होती, नाहीतर आजारातून वाचून काही उपयोग नव्हता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत, एक कागद दिला. दर बुधवारी दुपारी, दवाखान्याच्या तळघरात, चादरी ठेवायच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत. तिथे सात खुर्च्या होत्या आणि धुतलेल्या कापडाचा वास होता, त्यामुळे भिंगला निदान नाकाने तरी ओळखीचं वाटलं. समोर बसलेली समुपदेशक तिच्या मुलीपेक्षाही लहान होती. वही मांडीवर घेऊन ती अगदी मृदू आवाजात म्हणाली की इथे झोप परत शिकायची आहे. भिंगने मनात म्हटलं, हिने अजून एक रात्र तरी जागून काढली आहे का?

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून खणखणीत आवाज आला, "मास्तरीणबाई, जरा मोठ्याने बोला. मागच्या दारापर्यंत ऐकू जात नाही."

ही कंडक्टर. शहराच्या बसमध्ये बावीस वर्षं तिकिटं फाडून आता घरी बसलेली, ठेंगणी, जाड भुवया, औषधांनी केस गेल्यावर भुवया परत आल्या त्या दुप्पट झाल्या असं स्वतःच सांगणारी. लग्न केलेलं नव्हतं, धाकट्या बहिणीकडे राहायची. तिचा आजारही तोच, उपचारही तेच, फक्त तिची गाठ भिंगच्या गाठीपेक्षा बरीच उशिरा सापडली होती. रात्रभर जागी राहून ती काय करायची? बसचे जुने मार्ग मनात पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत म्हणायची. "सगळे थांबे होतात," ती म्हणाली, "पण उतरायचं कुठे ते काही कळत नाही." खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या आणि भिंगही हसली. किती महिन्यांनी, कोणास ठाऊक.

त्या मुलीचं नाव त्या दिवसापासून झोपेची मास्तरीण पडलं. मास्तरणीने सांगितलेले नियम ऐकून मात्र सगळ्यांचे चेहरे पडले. झोप येत नाही म्हणून लवकर जाऊन पडायचं नाही. उलट उशिरा, बारा वाजता पडायचं आणि झोप लागो न लागो, साडेपाचला उठायचं. दुपारी डुलकी घ्यायची नाही. पडून बराच वेळ झाला आणि डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठून खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत जायचं. घड्याळ भिंतीवरून काढायचं. संध्याकाळी पाच ते साडेपाच एका ठराविक खुर्चीत बसून काय काळजी करायची ती मनसोक्त करून घ्यायची, कागदावर लिहायची, आणि साडेपाचला उठायचं. रात्री काळजी आली तर तिला सांगायचं, उद्या पाचला ये. पडल्यावर पायाच्या बोटांपासून एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा, पोटावर हात ठेवून श्वास सावकाश सोडायचा.

आणि अंग तपासायचं महिन्यातून एकदाच, ठरलेल्या तारखेला. इतर दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्याला लावायला सांगायचा नाही, आणि "काही नाही ना?" असं कोणाला विचारायचंही नाही. "धीर मागितला की तो दहा मिनिटं टिकतो," मास्तरीण म्हणाली, "आणि मग जास्त मागावा लागतो." दहा मिनिटं हे हिला कसं कळलं, याचं भिंगला फार नवल वाटलं. तिथपासून ती कान देऊन ऐकायला लागली. नवऱ्यालाही एक वाक्य शिकवलं गेलं. रात्री हिने विचारलं की त्याने "काही नाही गं" म्हणायचं नाही, फक्त विचारायचं, "तारीख कधी आहे?"

पहिले पंधरा दिवस नरक होते. बारापर्यंत जागं राहायला ती भांडी घासलेली परत घासायची. बोटं गळ्याकडे जायची तेव्हा हात मांडीखाली दाबून बसायची. नवऱ्याला एकदा इतकं वाईट वाटलं की तो म्हणाला, "तारीख कधी आहे... पण तसं काही नसेल गं," आणि भिंगने त्याला नियम मोडल्याबद्दल झापलं. बुधवारी मास्तरीण सगळ्यांना खुर्चीत डोळे मिटून बसवायची आणि पाय आवळा, पाय सोडा असं सांगायची. खांद्यांपर्यंत पोचायच्या आत कंडक्टर घोरायला लागायची. "रात्री येत नाही ती इथे कशी येते?" मास्तरणीने विचारलं. "इथे कोणीतरी गाडी चालवतंय ना," कंडक्टर म्हणाली.

घरी जायला दोघींची बस एकच होती. कंडक्टर बसमध्ये कधी बसायची नाही, दांड्याला पाठ टेकून उभी राहायची, आणि नव्या कंडक्टरांच्या चुका भिंगच्या कानात सांगायची. बसमधल्या माणसांबद्दल तिची मतं ठाम होती. गाडी सुटायला पाच मिनिटं आहेत, असं ती म्हणे प्रवाशांना वीस मिनिटं सांगत राहायची. "खोटं बोलायचीस?" भिंगने विचारलं. "पाच मिनिटं माणूस आनंदाने थांबतो. वीस सांगितली की भांडतो. सोय बघायची असते." भिंगला असं बोलणं जमलं नसतं. तिच्या कामात दोष असतो किंवा नसतो. पण बुधवारची ती चाळीस मिनिटं तिला आठवडाभर पुरायची.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस डोळे उघडले आणि खिडकीत उजेड होता. तिने नवऱ्याला हलवलं. तो सवयीने बरळला, "तारीख कधी आहे?" "अहो, मी झोपले होते," ती म्हणाली. मग हळूहळू पडायची वेळ अर्धा तास अलीकडे आली. कापडातले दोष परत बोटांना लागायला लागले. मुकादमाने एकदा मुद्दाम दोष असलेला तागा पाठवून बघितला आणि तिने तो धडाधड चिठ्ठ्या लावून परत पाठवला. भिंगचा मास्तरणीवर असा काही विश्वास बसला की विचारू नका. नवी बाई खोलीत आली की मास्तरणीच्या आधी हीच नियम म्हणून दाखवायची. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. मास्तरणीने तपासण्याच्या नियमाला पहिल्याच दिवशी एक शेपूट जोडलेलं होतं. नवीन काही लागलं आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे जायचं, ते तपासणं नव्हे. भिंगने ते ऐकलं होतं. पण तिचा रोग तपासण्याचा होता, म्हणून तिच्या मनाने तेवढाच भाग उचलला जो तिचे हात बांधत होता.

तो एक बुधवार होता. बसथांब्यावर दोघीच होत्या. कंडक्टरने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला.

"भिंगे, तुझी बोटं दे जरा."

"कशाला?"

"इथे काहीतरी आहे. महिना झाला. मला वाटतं नुसतीच शीर असेल. तुझ्या हाताला कळेल."

भिंगने हात मागे घेतला, पण कंडक्टरने तो धरून आपल्या गळपट्टीच्या हाडावर ठेवलाच. क्षणभरच. बोटं थांबली. सव्वीस वर्षं ती जशी थांबत आली होती तशी, भिंगला विचारल्याशिवाय. तिने हात झटकन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"तारीख कधी आहे तुझी?" तिने विचारलं.

"अजून एकवीस दिवस."

"मग तेव्हा बघ. नियम म्हणजे नियम. आज मी सांगितलं तर उद्या परत विचारशील."

कंडक्टर तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने रुमाल परत बांधला आणि ती हसली. "शाब्बास. मास्तरणीची पट्टशिष्या." बस आली, दोघी चढल्या, आणि कंडक्टर सबंध रस्ताभर नव्या ड्रायव्हरच्या ब्रेक मारण्याबद्दल बोलत होती.

त्या संध्याकाळी पाच ते साडेपाच भिंग खुर्चीत बसली आणि कागदावर तिने काहीही लिहिलं नाही. आपली बोटं आता रिकाम्या जागीही थांबतात, निळ्या खडूचे ते तीन गोल आठव, असं तिने स्वतःला समजावलं. पटलंही. ती रात्री झोपली. पुढच्या बुधवारी कंडक्टरने तो विषय काढला नाही आणि भिंगनेही काढला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही.

एकवीस दिवसांनी कंडक्टर डॉक्टरांकडे गेली. आठवड्याभरात सगळे अहवाल आले. आजार गळ्यात होता, फुप्फुसात होता, यकृतात होता. बुधवारी तिची खुर्ची रिकामी राहिली आणि मास्तरणीने सगळ्यांना सांगितलं. मृदू आवाजात, पण या वेळी तो शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. एका बाईने विचारलं, तिला आधी काही लागलं नव्हतं का? मास्तरीण म्हणाली, "लागलं होतं, पण त्या तारखेपर्यंत थांबल्या. आपण नियम करताना म्हटलं होतं ना, की नवीन काही दोन आठवडे राहिलं तर..." ते वाक्य पुरं व्हायच्या आत भिंग उठून बाहेर गेली आणि चादरींच्या गठ्ठ्यांपाशी भिंतीला धरून उभी राहिली.

मास्तरीण मागोमाग आली. भिंगने तिला सगळं सांगितलं, बसथांबा, रुमाल, बोटं. मुलगी पांढरी पडली. मग ती म्हणाली, "काकू, मी डॉक्टरांना विचारलं. तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता. आधीच सगळीकडे पोचलं होतं." आणि थोड्या वेळाने, अगदी लहान आवाजात तिने विचारलं, "मी ते दुसरं वाक्य हळू म्हटलं होतं का हो?"

"नाही गं पोरी," भिंग म्हणाली. "मला ऐकू आलं होतं."

त्या दिवसापासून झोप परत गेली. आता अंग तपासायचं नव्हतं. स्वतःच्या गाठी शोधायची तिला शुद्धच नव्हती. ती अंथरुणात पडून डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने धरून ठेवायची. त्यांनी सांगितलं होतं. तिने चिठ्ठी लावली नाही. कारखान्यात एवढ्यासाठी लोकांना घरी पाठवतात. खुर्ची, श्वास, पाय आवळा, पाय सोडा, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नवरा रात्री जागा होऊन तिच्याकडे बघायचा. त्याला एकच वाक्य शिकवलं होतं आणि ते इथे लागू पडत नव्हतं.

कंडक्टरला भेटायला ती गेली नाही. एक आठवडा झाला, तीन झाले. काय तोंडाने जायचं? शेवटी कंडक्टरच्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, "ताईचा निरोप आहे. तुम्ही तिकीट न काढताच उतरलात का, असं विचारायला सांगितलंय."

बहिणीच्या घरात पुढच्या खोलीतच कंडक्टरचा पलंग टाकला होता, खिडकीला लागून, खालचा रस्ता दिसेल असा. ती अर्धी झाली होती. भुवया मात्र तेवढ्याच होत्या. बहीण चहा टाकायला आत गेली. भिंग खुर्चीच्या कडेवर बसली, आणि तिला प्रस्तावना वगैरे काही जमलं नाही.

"मला त्या दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "हाताला लागलं होतं. मी बोलले नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझी बोटं थांबली. मी बघत होते ना तुझ्याकडे. तुझं तोंडसुद्धा थांबलं." कंडक्टरला मध्येच दम लागला, ती थांबली. "रडू नकोस, मला उठून पाणी देता येत नाही. अगं, तू नाही म्हणालीस तरी दवाखाना मला माहीत होता. पाय होते मला. मी का गेले नाही?"

"माझ्यामुळे."

"मोठी आलीस! महिनाभर माझा मलाच हात लागत होता. मला कळलं नव्हतं असं वाटतं तुला? तुझ्याकडून हो ऐकलं असतं तर त्याच रात्रीपासून जागरण सुरू झालं असतं. तू तारीख विचारलीस. मी म्हटलं, चला, एकवीस दिवस मिळाले. आणि खरं सांगते, झोपले गं मी. एकवीस दिवस घोरत झोपले. विचार हिला." बहीण चहा घेऊन दारात उभी होती. ती कप ठेवून आत गेली.

भिंग तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हे खरं होतं, की सुटायला वीस मिनिटं असलेल्या गाडीची पाच मिनिटं होती? तिने सव्वीस वर्षं वस्तू उजेडावर धरून पारखल्या होत्या. हे कुठे धरून बघायचं, ते तिला कळेना. तिने पुन्हा विचारलंही नाही. धीर मागायचा नाही, एवढं तरी ती शिकली होती.

"आता येते का झोप?" तिने विचारलं.

"औषधाने गुंगी येते. झोप नाही. डोळे मिटले की भीती वाटते, परत उघडलेच नाहीत तर? सगळे थांबे म्हणून होतात." हे म्हणताना ती हसली नाही. भिंगने तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं.

मग भिंगने खुर्ची पलंगाला लावली, चपला काढल्या आणि मास्तरणीच्या आवाजात सुरू केलं. पायाची बोटं आवळा, सोडा. कंडक्टरच्या पायात आवळण्याएवढा जीव नव्हता, म्हणून भिंगने ते हातात धरून तिच्यासाठी आवळले आणि सोडले. मग पोटऱ्या, गुडघे, तळहात. पोटावर हात ठेवला आणि श्वास मोजला. गळ्यापाशी आल्यावर तिची बोटं परत थांबली. आता ती जागा डोळ्यांनाही दिसत होती. या वेळी तिने हात काढून घेतला नाही. तिथेच ठेवला. बऱ्याच वेळाने कंडक्टर घोरायला लागली, आधीपेक्षा हळू, मध्येच अडखळत. भिंग चांगली दीड तास तशीच बसली होती आणि चहाचा कप तसाच गार झाला.

पुढे ती रोज कारखान्यातून परस्पर तिथे जायची. पाच ते साडेपाचची काळजीची वेळ तिने कंडक्टरला देऊन टाकली होती. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी तिची पाळी संपायच्या आधीच मुकादम टेबलापाशी आला आणि म्हणाला, "भिंगबाई, फोन आहे." तिने पायाने यंत्र थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

सगळं आटोपून ती रात्री आठला घरी आली. नवऱ्याने पाणी गरम करून ठेवलं होतं. ती जेवली नाही. आज काही झोप येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तिला ती यायला नकोही होती. एवढं तरी करता येईल, एक रात्र तिच्यासाठी जागता येईल, असं तिला वाटत होतं. साडेअकरापर्यंत ती खुर्चीत बसून राहिली. मग वेळ झाली म्हणून सवयीने उठली आणि आडवी झाली. नवऱ्याने आपली उशी भिंतीला लावली आणि तो बसून राहिला. ही जागी राहिली तर कोणीतरी सोबत हवं म्हणून.

सकाळी त्याचा बसल्या बसल्या लागलेला डोळा उघडला तेव्हा खिडकीत उजेड आला होता. ती कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. खांदे हलत होते. त्याने हात ठेवला.

"नाही ना लागली झोप?" त्याने विचारलं. "रात्रभर जागीच का?"

"लागली," ती म्हणाली. "अहो, मला झोप लागली. ती गेली, आणि मला रात्रभर झोप लागली."

नवऱ्याने बरं झालं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. उठायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. तो तिच्या पाठीवर हात ठेवून तसाच बसून राहिला.